नकार आणि मौन : युनिक्स प्रणालीतील संथ उलट नामशोधाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणक संथ चालतो, ही तक्रार महाविद्यालयीन प्रयोगशाळांना नवीन नाही. मात्र या तक्रारीचा एक प्रकार असा आहे की, त्यात यंत्र वस्तुतः संथ नसतेच. सर्व्हरच्या प्रोसेसरवर भार नसतो, स्मृती मोकळी असते, केबल शाबूत असते. तरीही विद्यार्थी एसएसएचद्वारे जोडणी मागतो तेव्हा परवलीचा शब्द विचारला जाण्यापूर्वी दहा-वीस सेकंद काहीच घडत नाही. एकदा प्रवेश मिळाला की पुढील सर्व काम झपाट्याने होते. या मधल्या अवधीत यंत्र काम करीत नसते, ते वाट पाहत असते. आलेल्या पाहुण्याच्या अंकी पत्त्यावरून त्याचे नाव काय, असा प्रश्न त्याने कोणाला तरी विचारलेला असतो आणि उत्तर आलेले नसते. अंकावरून नावाकडे जाणाऱ्या या शोधाला येथे ‘उलट नामशोध’ असे म्हटले आहे.

या दोषावरील रूढ इलाज दोन मिनिटांचा असून तो जाणकारांना तोंडपाठ असतो : एसएसएच सर्व्हरच्या मांडणी-फाइलीत ‘यूजडीएनएस’ या शब्दापुढे ‘नो’ लिहावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. हा इलाज चुकीचा नाही. परंतु तो ज्या सहजतेने सांगितला जातो तीमुळे दोन प्रश्न विचारावयाचे राहूनच जातात. यंत्राने ही विचारपूस मुळात का केली? आणि ज्याला विचारले तो गप्प का राहिला? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने उलट नामशोधाच्या रचनेची चिकित्सा केली आहे. या दोषाचे मूळ नाव न सापडण्यात नसून ‘नाव नाही’ असे कोणीही स्पष्टपणे न सांगण्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. हा भेद केवळ संगणक विभागापुरता महत्त्वाचा नाही. दोष न ओळखल्यामुळे नवी स्मृती, नवा स्विच, प्रसंगी नवा सर्व्हर यांची मागणी खरेदी समितीपुढे जाते. खर्च होतो आणि वीस सेकंद जिथल्या तिथे राहतात.

दोन नोंदवह्या, दोन धनी

डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, या व्यवस्थेची कल्पना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आरएफसी ८८२ व ८८३ या दस्तऐवजांत मांडली. १९८७ सालच्या आरएफसी १०३४ व १०३५ यांनी तिला आजही पायाभूत असलेले रूप दिले. नावावरून अंकी पत्ता शोधणे हा या व्यवस्थेचा मुख्य हेतू होता. उलट दिशेसाठी आरएफसी १०३५ मध्ये ‘इन्व्हर्स क्वेरी’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार दिलेला होता. पण तो ऐच्छिक होता, आणि उत्तर देणारा सर्व्हर केवळ स्वतःजवळच्या नोंदी चाळू शकत असल्याने त्याचा उपयोगही मर्यादित होता. तो फारसा रुजला नाही. २००२ साली आरएफसी ३४२५ ने त्याला अधिकृतपणे निरोप दिला.

टिकली ती दुसरी युक्ती : अंकालाच नावाचे सोंग देण्याची. नाव उजवीकडून डावीकडे वाचले असता व्यापकाकडून विशिष्टाकडे जाते. अंकी पत्ता मात्र डावीकडून उजवीकडे तसा जातो. म्हणून २०३.०.११३.४५ या पत्त्याचे चार भाग उलटे करून ४५.११३.०.२०३ असे लिहावयाचे आणि त्यापुढे ‘इन-ॲडर डॉट आर्पा’ ही शेपटी जोडावयाची. मग हे जणू एखादे नाव आहे असे मानून त्याखाली ‘पीटीआर’ प्रकारची नोंद शोधावयाची. युक्ती चतुर आहे, यात शंका नाही. नवे यंत्र न उभारता जुन्याच यंत्राकडून उलटे काम करून घेतले गेले. मात्र तिच्या पोटात एक गोष्ट दडलेली राहिली, ती म्हणजे नावाची नोंदवही आणि अंकाची नोंदवही या दोन निरनिराळ्या वह्या झाल्या आणि त्या दोहोंचे धनीही निरनिराळे झाले.

महाराष्ट्रातील वाचकास हे समजण्यासाठी महसुली दप्तराचे उदाहरण उपयोगी पडावे. गट क्रमांकावरून धारकाचे नाव पाहावयाचे तर सातबारा. धारकावरून त्याच्या सर्व जमिनी पाहावयाच्या तर आठ-अ. हे दोन्ही नमुने गावपातळीवर एकाच अधिकाऱ्याच्या दप्तरी असतात, ज्यास आपण पूर्वापार तलाठी म्हणत आलो. खरेदीखत झाले की फेरफाराची नोंद होते, ती प्रमाणित होते आणि दोन्ही नमुन्यांत तिचा अंमल दिला जातो. विलंब होतो, तक्रारी होतात, पण एका वहीतील बदल दुसऱ्या वहीत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी संदिग्धता नसते. डीएनएसमध्ये असा फेरफार नाही. नावाच्या वहीत नोंद करणाऱ्यास अंकाच्या वहीला हात लावण्याचा अधिकारच नसतो. तो अधिकार ज्याला तो अंकसमूह वाटून दिला गेला त्याचा.

पुण्यातील शैक्षणिक जाळ्यांच्या इतिहासात ही फारकत स्पष्ट दिसते. १९९० च्या दशकात येथील संशोधनसंस्था व विद्यापीठ अर्नेट या शैक्षणिक जाळ्याला जोडलेले होते. ‘आयुका’चे आणि पुणे विद्यापीठाचे पत्ते त्या काळी ‘अर्नेट डॉट इन’ याच शब्दांनी संपत. जोडणी आणि नाव ही सामान्यतः एकाच छत्राखालची असत. तलाठी एकच होता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे महाविद्यालयांनी ‘एसी डॉट इन’ या शाखेतील स्वतंत्र नावे घेतली. त्यांची नोंदणी अर्नेट इंडियाकडे राहिली. जोडणी मात्र अनेकांनी दूरसंचार कंपन्यांकडून वा स्थानिक पुरवठादारांकडून घेतली. नाव एकाकडून आले, अंक दुसऱ्याकडून. अंकांच्या वरच्या साखळीत आशिया-पॅसिफिक विभागासाठी एपनिक आणि २०१२ पासून भारतासाठी निक्सीच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन, त्यांच्याखाली पुरवठादार आणि सर्वांत शेवटी महाविद्यालय. उलट नोंदीचा अधिकार याच साखळीने खाली येतो आणि बहुधा पुरवठादारापाशी येऊन थांबतो.

तो तेथे थांबण्यास एक तांत्रिक कारणही आहे. उलट वहीची पाने पत्त्याच्या टिंबांवर, म्हणजे २५६ पत्त्यांच्या पटीत फाडता येतात. महाविद्यालयास मिळतात आठ, सोळा किंवा बत्तीस पत्ते. एवढ्या लहान तुकड्याचा अधिकार सोपविण्याची रीत १९९८ सालच्या आरएफसी २३१७ मध्ये सांगितलेली आहे. तीत पुरवठादाराने प्रत्येक पत्त्यासाठी एक उपनामाची नोंद करून प्रश्न महाविद्यालयाच्या सर्व्हरकडे वळवावयाचा असतो. रीत निर्दोष आहे. परंतु ती पुरवठादाराच्या श्रमावर व इच्छेवर अवलंबून आहे, आणि ज्याला वीस सेकंद सोसावे लागतात तो त्याचा ग्राहकांपैकी सर्वांत लहान ग्राहक असतो.

नकार आणि मौन

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नोंद नसणे हा दोष आहे काय? नियमपुस्तकांचा कल तसा आहे. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१२ या मार्गदर्शक दस्तऐवजात, जाळ्यावरून पोहोचता येणाऱ्या प्रत्येक यंत्रास नाव असावे आणि प्रत्येक अंकी पत्त्यास जुळणारी पीटीआर नोंद असावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. तिच्या मुळाशी नीटनेटक्या प्रशासकाची दृष्टी आहे. पण वेळेच्या दृष्टीने पाहिले तर नोंद नसल्याने जवळजवळ काहीच बिघडत नाही. अधिकारी सर्व्हरने ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे कळविले की काही मिलिसेकंदांत प्रश्न निकालात निघतो आणि यंत्र अंकी पत्त्यावरच समाधान मानून पुढे जाते. एवढेच नव्हे, तर हा नकार काही काळ लक्षातही ठेवला जातो. त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्यासाठी तो प्रश्न बाहेर जातच नाही. नकार हेदेखील एक पूर्ण उत्तर आहे.

बिघडते ते मौनाने. युनिक्ससदृश प्रणालींत नावे शोधणारा जो भाग असतो त्यास रिझॉल्व्हर म्हणतात. लिनक्सवरील प्रचलित रिझॉल्व्हर उत्तरासाठी पाच सेकंद थांबतो आणि एकूण दोन प्रयत्न करतो, हे त्याचे मूळ प्रमाण आहे. एकच नाम-सर्व्हर नेमलेला असेल आणि तो गप्प राहिला, तर दहा सेकंद गेले. दोन नेमलेले असतील आणि दोन्ही गप्प राहिले, तर वीस. बहुतेक तक्रारींतील ‘बरोबर दहा सेकंद’ किंवा ‘बरोबर वीस सेकंद’ हे आकडे यावरून उलगडतात. खरोखर संथ असलेल्या यंत्राचा विलंब कमीअधिक होत राहतो. वाट पाहणाऱ्या यंत्राचा विलंब घड्याळ लावल्यासारखा नियमित असतो. निदानासाठी याहून बोलके लक्षण दुसरे नाही.

मौन कोठून येते? कधी वरच्या साखळीत अधिकार अशा सर्व्हरकडे सोपविलेला असतो, जो केव्हाच बंद झाला आहे. कधी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत जुन्या पुरवठादाराच्या सर्व्हरचा पत्ता तसाच राहिलेला असतो. पुरवठादार बदलला, फाइल बदलली नाही. पण सर्वांत विचार करण्यासारखा प्रकार फायरवॉलचा आहे. नको असलेल्या पाकिटास ‘परवानगी नाही’ असे उत्तर देण्याऐवजी ते निमूटपणे टाकून द्यावे, म्हणजे घुसखोरास काहीच सुगावा लागत नाही, अशी शिकवण सुरक्षेच्या नावाखाली दीर्घकाळ दिली गेली. बाहेरच्या घुसखोराबाबत तिच्यात तथ्य असेल. आपल्याच आवारातील यंत्राचा नामप्रश्न त्याच न्यायाने टाकून दिला जातो, तेव्हा मात्र सुगावा लागत नाही तो आपल्याच प्राध्यापकांना.

खासगी पत्त्यांची कथा तर अधिकच चमत्कारिक आहे. प्रयोगशाळांतील यंत्रांना प्रायः १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असतात. १९९६ सालच्या आरएफसी १९१८ ने ते खासगी वापरासाठी राखून ठेवले असल्याने त्यांची जगात कोठेही एक अशी नोंद असणे शक्यच नाही. तरीही आतला नाम-सर्व्हर त्यांच्याविषयी काही जाणत नसेल तर तो तो प्रश्न बाहेरच्या जगाला विचारतो. पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील यंत्राचे नाव काय, हा तो प्रश्न! असे निरर्थक प्रश्न इतके वाढले की त्यांना केवळ ‘नाही’ म्हणण्यासाठी ‘एएस ११२’ या नावाने सर्व्हरांचे एक स्वयंसेवी जाळे जगभर उभारावे लागले. त्यातील सर्व्हरांची नावे ‘प्रिझनर’ आणि ‘ब्लॅकहोल’ अशी आहेत. ती ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीस दाद द्यावयास हवी. आपला प्रश्न तेथवर पोहोचला तर नकार मिळतो आणि काम सुरळीत चालते. वाटेत अडला तर मौन.

येथे टीकेचा रोख युनिक्सच्या एका गुणाकडेही वळतो. काही सांगण्यासारखे नसेल तर आज्ञावलीने गप्प बसावे, ही त्या प्रणालीची जुनी शिस्त आहे आणि ती योग्यच आहे. पण पत्त्यावरून नाव मागणारे पारंपरिक फलन बोलाविले की उत्तर येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत आज्ञावली जागच्या जागी खिळून राहते. आणि अखेरीस मिळणाऱ्या निष्कर्षात किती वाट पाहिली याचा उल्लेख नसतो. दहा मिलिसेकंदांत मिळालेला नकार आणि वीस सेकंदांनंतर सोडलेली आशा, या दोहोंत पडद्यावर काहीच फरक दिसत नाही. काही सांगण्यासारखे असतानाही बाळगलेले हे मौन आहे.

विचारपूस कशासाठी?

पहिला प्रश्न अद्याप उभा आहे : यंत्र नाव विचारते कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. बर्कली युनिक्समधील ‘आरलॉगिन’सारख्या सेवा परवलीच्या शब्दाशिवाय प्रवेश देत, अट एवढीच की, येणाऱ्या यंत्राचे नाव विश्वासू यंत्रांच्या यादीत असावे. नाव कळणार उलट वहीतून, आणि ती वही असते येणाऱ्याच्या हाती! आपल्या अंकापुढे कोणी दुसऱ्याचे नाव लिहिले तर त्यास अडविणार कोण? स्टीव्हन बेलोविन यांनी या फसवणुकीची रीत १९९० साली एका निबंधात मांडली. ती इतकी सोपी होती की त्यांनी तो निबंध प्रसिद्ध न करता राखून ठेवला. तो १९९५ साली प्रकाशित झाला. यावर उपाय निघाला उलटतपासणीचा : अंकावरून मिळालेले नाव पुन्हा सरळ वहीत शोधावे आणि तोच अंक परत येतो का पाहावे. सुरक्षा काहीशी वाढली खरी, पण एकाचे दोन प्रश्न झाले आणि वाट पाहण्याच्या जागाही दोन झाल्या.

एसएसएचमध्ये ओळख पटते ती परवलीच्या शब्दाने किंवा गूढलेखनाच्या किल्लीने. नावावर विसंबण्याची गरज तेथे उरली नव्हती. तरीही विचारपूस उरली. ओपनएसएसएचच्या जुन्या आवृत्त्या नाव जुळले नाही तर नोंदपुस्तकात ‘घुसखोरीचा प्रयत्न असू शकतो’ अशी ठळक अक्षरांतील सूचना लिहीत आणि पाहुण्यास आत घेत. ज्या उत्तरावर निर्णय अवलंबून नाही त्यासाठी दाराशी वीस सेकंद उभे करणे, याचे समर्थन कसे करावे? २०१५ साली आवृत्ती ६.८ मध्ये ही विचारपूस मूळ मांडणीतच बंद करण्यात आली. अपाची या वेब सर्व्हरने तर १९९८ सालच्या १.३ या आवृत्तीपासूनच नोंदपुस्तकासाठी नावे शोधणे थांबविले होते. दोन्ही प्रकल्पांचा निर्णय उचित होता. दुसऱ्यास तो सुचण्यास सतरा वर्षे अधिक लागली, एवढेच.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. टपालाच्या क्षेत्रात उलट नोंदीस खरे वजन आहे. ज्या पत्त्यावरून पत्र आले त्यास पीटीआर नोंद नसेल तर अनेक मोठे टपाल-सर्व्हर ते नाकारतात किंवा नकोशा पत्रांत टाकतात. आवारातच स्वतःचा टपाल-सर्व्हर चालविणाऱ्या महाविद्यालयाची पत्रे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नसतील तर प्रथम ही नोंद तपासावी. तेथे नकारही महागात पडतो.

निदानाची रीत

निदानात होणारी सर्वांत मोठी गफलत साधनांच्या निवडीत असते. ‘डिग’ ही आज्ञा थेट नाम-सर्व्हरशी बोलते. यंत्रातील ‘होस्ट्स’ फाइल आणि ‘एनएसस्विच डॉट कॉन्फ’मधील क्रम यांच्याशी तिला कर्तव्य नसते. प्रत्यक्ष आज्ञावल्या मात्र याच क्रमाने चालतात. म्हणून ‘डिग’ने झटपट उत्तर दिले तरी यंत्र निर्दोष ठरत नाही. ‘गेटएंट होस्ट्स’ या आज्ञेपुढे अंकी पत्ता देऊन आणि पुढे ‘टाइम’ लावून वेळ मोजावी. आज्ञावल्यांना जे भोगावे लागते तेच ती भोगते. ही सावकाश आणि ‘डिग’ वेगवान, असे आढळले तर दोष यंत्राच्या मांडणीत, विशेषतः स्थानिक जाळ्यावर नावे पुकारणाऱ्या एमडीएनएससारख्या एखाद्या जादा पायरीत शोधावा. दोन्ही सावकाश असतील तर दोष नाम-सर्व्हरात किंवा त्यापलीकडे.

‘नेटस्टॅट’, ‘ट्रेसराउट’, ‘पिंग’ या आज्ञांना ‘एन’ हा पर्याय देता येतो. तो दिला की त्या नावे शोधीत नाहीत. पर्यायासह आणि पर्यायाविना अशा दोन्ही रीतींनी चालवून पाहिल्यास संशय तत्काळ दृढ होतो. ‘पिंग’मध्ये कधीकधी एक मौजेचे दृश्य दिसते : पाकीट अर्ध्या मिलिसेकंदात परतल्याचे ती सांगते, पण ते सांगणारी ओळच काही सेकंदांनी उमटते. जाळ्यावरील प्रत्यक्ष संभाषण पाहावयाचे तर ‘टीसीपीडम्प’ घ्यावे आणि ५३ क्रमांकाच्या पोर्टवर लक्ष ठेवावे. प्रश्न गेलेला दिसतो, उत्तर दिसत नाही, पाच सेकंदांनी तोच प्रश्न पुन्हा जातो. येथेही ‘एन’ विसरता कामा नये. अन्यथा तपासनीस स्वतःच प्रत्येक पत्त्याचे नाव विचारू लागतो आणि साक्षीपुराव्यात त्याचेच प्रश्न मिसळतात. एसएसएचमधील विलंबाबाबत एक सावधगिरी अशी की, जीएसएसएपीआय ही ओळख पटविण्याची पद्धतही असाच विलंब घडवू शकते. ग्राहकाकडून ती बंद करून पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

इलाजांचे तारतम्य

विचारपूस बंद करणे हा पहिला इलाज; तो एका सेवेपुरता असतो. विदागार-सर्व्हर, फाइल-सर्व्हर, मुद्रण-सेवा यांतील प्रत्येकाची विचारपूस वेगळी. प्रयोगशाळेतील सर्व पत्ते ‘होस्ट्स’ फाइलीत लिहिणे हा दुसरा. वीस-तीस यंत्रांसाठी तो सुटसुटीत आहे, पण पत्ते आपोआप वाटले जात असतील तर ती फाइल लवकरच खोटे बोलू लागते. मुदत पाचवरून एका सेकंदावर आणणे हा तिसरा. प्रस्तुत लेखकास तो सर्वांत कमी पसंत आहे. त्याने मौन दूर होत नाही, फक्त ते लक्षात येण्याजोगे राहत नाही.

खरा इलाज आतल्या नाम-सर्व्हरवर खासगी पत्त्यांची उलट वही उघडण्याचा. ती कोरी असली तरी चालते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कोऱ्या वहीचा धनी अधिकाराने ‘नाही’ म्हणू शकतो, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. २०११ सालच्या आरएफसी ६३०३ ने हीच शिफारस केली आणि बाइंडसारखे सर्व्हर अशा कोऱ्या वह्या आता स्वतःहून उघडतात. म्हणून जुनी आवृत्ती बदलणे हाही पुष्कळदा पुरेसा उपचार ठरतो. प्रत्येक पत्त्यास नाव हवेच, हा आग्रह पुढे टिकणारही नाही. आयपी आवृत्ती ६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असून त्याची उलट नोंद ३२ भागांत लिहावी लागते. एका सामान्य उपजाळ्यातच दोनाचा चौसष्टावा घात एवढे पत्ते मावतात. त्यांची वही कोण लिहिणार? २०१८ सालच्या आरएफसी ८५०१ ने पुरवठादारांसमोर ठेवलेल्या पर्यायांत सरळ नकार देणे हाही एक पर्याय आहे, आणि आरएफसी १९१२ च्या नीटनेटक्या अपेक्षेपासून तो बराच दूर आला आहे.

सार्वजनिक पत्त्यांचा प्रश्न मात्र सर्व्हर-कक्षात सुटत नाही. जोडणीसाठी महाविद्यालये ज्या निविदा मागवितात त्यांत वेग, मासिक आकार, खंडित सेवेबद्दलची वजावट यांचे रकाने सामान्यतः असतात. उलट नोंदीचा अधिकार कोणाकडे राहील, आरएफसी २३१७ प्रमाणे तो महाविद्यालयाकडे सोपविला जाईल काय, आणि तसे नसल्यास पुरवठादाराचा सर्व्हर निदान नकार तरी देईल काय, हे तीन प्रश्न त्या कागदावर लिहून घ्यावयास एक परिच्छेद पुरतो. करार झाल्यानंतर तेच दूरध्वनीवर विचारले तर पलीकडील तक्रार-कक्षास प्रश्न समजावून सांगण्यातच दिवस जातो.